ऑनलाइन माहितीसंग्रहांतील लेखांचा संदर्भ : विद्यार्थ्यांना काय व कसे शिकवावे?

आयुर्वेदात प्रमाणविचाराला मूलभूत स्थान आहे. प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती यांच्या बरोबरीने चरकसंहितेने आप्तोपदेश हे प्रमाण मानले. परंतु उपदेश करणारा आप्त आहे किंवा नाही हे ठरविण्यापूर्वी तो कोण आहे आणि त्याने नेमके काय म्हटले आहे, हे कळावे लागते. दुसऱ्याचे मत त्याच्या नावासह मांडणे, ते स्वीकारणे किंवा खोडून काढणे ही आपल्या शास्त्राची जुनी शिस्त आहे. परमताचे खंडन न करता ते मान्य करण्यास 'अनुमत' ही स्वतंत्र तंत्रयुक्तीच सांगितली आहे. टीकाकारांनी जेथे मूळ तंत्रकाराचे नाव दिले, तेथे आजही आपण ते वचन पडताळू शकतो. जेथे केवळ 'तन्त्रान्तरे' एवढाच निर्देश आहे, तेथे ते वचन कोठले हे शोधताना अभ्यासकांची दमछाक होते. संदर्भ अपुरा राहिला तर पुढच्या पिढ्यांना काय किंमत मोजावी लागते, याचे याहून जवळचे उदाहरण देण्याची आवश्यकता नाही.

आजचा स्नातकोत्तर विद्यार्थी संहितेचा संदर्भ देताना सहसा चुकत नाही. ग्रंथ, स्थान, अध्याय, श्लोक हा पत्ता तो सवयीने लिहितो. तोच विद्यार्थी आधुनिक संशोधनलेखाचा आधार घेतो तेव्हा मात्र शोधप्रबंधाच्या संदर्भसूचीत 'पबमेड', 'गूगल', 'इंटरनेटवरून साभार' असे उल्लेख दिसू लागतात. कोठे शोधयंत्राच्या निकालपृष्ठाचा दोन ओळींचा दुवा उतरवलेला असतो, कोठे लेखाचे शीर्षक असते पण नियतकालिकाचा पत्ता नसतो. 'चरकसंहितेत म्हटले आहे' एवढेच लिहून स्थान-अध्याय न देणाऱ्या विद्यार्थ्याला आपण प्रबंध परत देतो. ऑनलाइन लेखाच्या बाबतीत तीच शिस्त आपण मागत नाही, कारण ती कशी असावी हे त्याला कोणी पद्धतशीर शिकविलेले नसते. या लेखात आम्ही तो विषय क्रमाने मांडत आहोत.

हा विषय आपला का?

आपले वाचक प्रामुख्याने व्यवसायी वैद्य आणि औषधनिर्माते आहेत. तेव्हा हा प्रश्न महाविद्यालयांनी सोडवावा, असे कोणास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु विद्यार्थी आपल्याच चिकित्सालयांत अनुभवासाठी येतात, आपल्या रुग्णांच्या नोंदींवर लेख लिहितात आणि पुढे आपल्याच फार्मसींमध्ये माहितीपत्रके तयार करण्याच्या कामावर रुजू होतात. त्या पत्रकातील प्रत्येक विधानाची जबाबदारी शेवटी फार्मसीचालकावर येते.

त्यातही कायद्याचा भाग आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांत २०१० साली समाविष्ट झालेल्या नियम १५८-ब प्रमाणे आयुर्वेदीय औषधाच्या परवान्यासाठी, औषधाच्या प्रकारानुसार, ग्रंथाधार आणि प्रकाशित साहित्य यांचा पुरावा द्यावा लागतो. जे साहित्य शोधून काढता येत नाही, ते पुरावा म्हणून उपयोगी पडत नाही. अर्जासोबत जोडलेल्या सूचीतील लेख तपासणाऱ्यास सापडला नाही, किंवा सापडला पण त्यात वेगळेच द्रव्य निघाले, तर संपूर्ण अर्जाची विश्वासार्हता ढासळते.

हळदीच्या पेटंटचे प्रकरण या संदर्भात पुन्हा आठवावे असे आहे. जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर, यावर १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट देण्यात आले. आपल्याकडे घरोघरी ठाऊक असलेल्या उपयोगावर हे पेटंट होते; परंतु 'आमच्याकडे हे सर्वांना माहीत आहे' हे म्हणणे पेटंट कार्यालयात पुरावा ठरत नव्हते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये या पेटंटला आव्हान दिले ते बत्तीस लिखित संदर्भांच्या आधारे. त्यांत संस्कृत, उर्दू व हिंदी ग्रंथांतील उतारे होते, तसेच भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील १९५३ सालचा एक लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. ज्ञान आपल्याजवळ पूर्वीपासून होते, तरी ते सिद्ध करण्यासाठी छापील पत्ता असलेले कागद लागले. या अनुभवातूनच पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचे काम सुरू झाले.

प्रथम भेद : कोठार वेगळे, द्रव्य वेगळे

विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला एक भेद स्पष्ट करून द्यावा. डेटाबेस हा लेख नव्हे. लेख ज्या ठिकाणी नोंदलेला किंवा साठविलेला असतो ते ते कोठार आहे. आपण कच्चे द्रव्य घाऊक व्यापाऱ्याकडून घेतो. पण औषधाच्या पाठात व्यापाऱ्याचे नाव लिहीत नाही, द्रव्याचे लिहितो. 'संदर्भ : पबमेड' असे लिहिणे हे पाठात द्रव्याच्या जागी व्यापाऱ्याचे नाव लिहिण्यासारखे आहे.

कोठारांचेही प्रकार आहेत आणि ते ओळखता आले पाहिजेत.

१) सूची : पबमेड ही मुख्यतः सूची आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने ती १९९६ मध्ये सुरू केली व १९९७ पासून सर्वांना विनामूल्य खुली केली. तिच्यात आज ३ कोटी ७० लाखांहून अधिक नोंदी आहेत. १८७९ पासून निघणारी 'इंडेक्स मेडिकस' ही छापील सूची २००४ अखेर बंद झाली, तोवर पबमेडने तिची जागा घेतलेली होती. येथे लेखाचा पत्ता व बहुधा सारांश मिळतो. पूर्ण लेख मिळेलच असे नाही.

२) पूर्ण लेखांचे भांडार : त्याच ग्रंथालयाने २००० मध्ये सुरू केलेले 'पबमेड सेंट्रल' हे पूर्ण लेखांचे भांडार आहे. नावाच्या साम्यामुळे विद्यार्थी दोहोंत गल्लत करतात. दोहोंचे नोंदक्रमांकही वेगवेगळे असतात. पबमेडचा क्रमांक नुसता अंकी असतो, तर पबमेड सेंट्रलच्या क्रमांकापूर्वी 'पीएमसी' ही अक्षरे असतात.

३) आयुर्वेदविषयक संग्रह : हैदराबाद येथील राष्ट्रीय भारतीय आयुर्विज्ञान संपदा संस्थेने आयुष संशोधन पोर्टल विकसित केले, तसेच चरक व सुश्रुत संहिता आणि निघंटू यांच्या ई-आवृत्ती उपलब्ध करून दिल्या. कोइमतूर येथे आयुर्वेदविषयक लेखांसाठी 'धारा' ही सूची सिद्ध झाली. पबमेडमध्ये ज्यांची नोंद नाही अशा कित्येक भारतीय नियतकालिकांतील लेखांचा माग अशा संग्रहांतून लागतो.

४) प्रबंधसंग्रह : गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे 'शोधगंगा' हे भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचे भांडार आहे. येथे मिळतो तो प्रबंध असतो. त्याचा निर्देश नियतकालिकातील लेख म्हणून करू नये.

५) शोधयंत्र : २००४ पासूनचे गूगल स्कॉलर लेख शोधून देते, परंतु नियतकालिकाचा दर्जा पाहून निवड करीत नाही. येथे सापडलेल्या लेखाची पारख आपली आपणच करावयाची असते.

संदर्भाचे अवयव

वैद्यकीय लेखनात सर्वाधिक रूढ असलेली पद्धत व्हँकुव्हर पद्धत या नावाने ओळखली जाते. १९७८ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर शहरी काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक एकत्र आले व त्यांनी लेख सादर करण्याचे समान नियम ठरविले; तेथून हे नाव आले. या पद्धतीत मजकुरात क्रमांक देतात व शेवटी त्याच क्रमाने सूची देतात. लेखाच्या नोंदीत लेखक, लेखाचे शीर्षक, नियतकालिकाचे संक्षिप्त नाव, वर्ष, खंड, अंक व पृष्ठे हा क्रम असतो.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. आयुर्वेदीय औषधांतील जड धातूंविषयी अमेरिकन वैद्यक संघटनेच्या 'जामा' या नियतकालिकात २००४ मध्ये आलेला लेख आपल्या व्यवसायात फार चर्चिला गेला. त्याची नोंद अशी होईल (येथे नागरीत देत आहोत, प्रबंधात इंग्रजी लेखाची नोंद रोमन लिपीतच करावी) :

सेपर आर बी, केल्स एस एन, पाक्विन जे, बर्न्स एम जे, आयझेनबर्ग डी एम, डेव्हिस आर बी, इत्यादी. हेवी मेटल कंटेंट ऑफ आयुर्वेदिक हर्बल मेडिसिन प्रॉडक्ट्स. जामा. २००४;२९२(२३):२८६८-७३.

या एका ओळीतून बरेच शिकविता येते. आडनाव आधी व आद्याक्षरे नंतर. पदव्या व उपाध्या नाहीत. लेखक सात आहेत. सहा नावे देऊन पुढे 'इत्यादी' लिहिले आहे. २९२ हा खंड, कंसातील २३ हा अंक आणि त्यानंतरची पृष्ठे. यांपैकी कोठेही 'पबमेड' हा शब्द नाही, आणि तरीही जगातील कोणत्याही वैद्यकीय ग्रंथालयात हा लेख या पत्त्यावरून सापडतो.

ऑनलाइन लेखाच्या बाबतीत यात एका अवयवाची भर पडते, ती डीओआय या कायम ओळखक्रमांकाची. वरील लेखाचा डीओआय १०.१००१ या अंकांनी सुरू होतो, मग तिरपी रेघ येते, आणि त्यापुढे 'जामा' या अक्षरांनंतर २९२.२३.२८६८ हे अंक येतात. प्रत्येक डीओआय दहाच्या आकड्याने सुरू होतो; तिरप्या रेघेपूर्वीचा भाग नोंदणी करणाऱ्या प्रकाशकाचा व नंतरचा भाग त्या लेखाचा असतो. येथे तर खंड, अंक व आरंभीचे पृष्ठ हेच त्या भागात आलेले दिसतात.

फार्मसीचालकांना हे समजावून सांगावे लागणार नाही. डीओआय म्हणजे लेखाचा बॅच क्रमांक होय. दुकान बदलले, वितरक बदलला, तरी बॅच क्रमांकावरून आपण त्या विशिष्ट घाण्याच्या नोंदीपर्यंत पोहोचतो. त्याचप्रमाणे नियतकालिकाचे संकेतस्थळ बदलले तरी, प्रकाशकाने नवा पत्ता नोंदविला की, डीओआयवरून लेख सापडतो. पत्त्याच्या पट्टीतून उतरवलेला दुवा मात्र काही वर्षांत निकामी होऊ शकतो. म्हणून दुवा व डीओआय यांत निवड करावयाची झाल्यास डीओआय लिहावा, असा नियम घालून द्यावा.

पाहिल्याची तारीख केव्हा द्यावी, याविषयीही विद्यार्थ्यांच्या मनात गोंधळ असतो. डीओआय असलेला व खंड-पृष्ठांसह छापला गेलेला लेख स्थिर असतो; बहुतेक नियतकालिके त्यासाठी तारीख मागत नाहीत. शासकीय प्रसिद्धीपत्रक, संकेतस्थळावरील पान, वेळोवेळी अद्ययावत होणारा संग्रह यांचा मजकूर बदलू शकतो. तेथे 'अमुक दिवशी पाहिले' ही नोंद आवश्यक आहे. ई-संहितेचा आधार घेतल्यास स्थान-अध्याय-श्लोक हा पत्ता द्यावाच. त्यासोबत संग्रहाचे नाव व तारीखही द्यावी. छापील ग्रंथाच्या बाबतीत जशी आपण आवृत्ती देतो, उदाहरणार्थ यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादिलेली निर्णयसागरची १९४१ ची चरकसंहिता, तशीच ही नोंद होय. कारण श्लोकक्रम व पाठ आवृत्तीनुसार बदलतात.

सारांशावर विसंबू नये

संदर्भ तंतोतंत लिहूनही चुकीचा असू शकतो, कारण लेखात जे नाही ते त्याच्या नावावर खपविले जाते. वरील जामाच्या लेखाचेच पाहावे. 'आयुर्वेदातील २० टक्के औषधांत विषारी धातू आढळले' असे वाक्य त्याच्या आधारे अनेकदा लिहिले जाते. प्रत्यक्षात त्या अभ्यासात बॉस्टन शहराच्या परिसरातील दुकानांतून घेतलेली, दक्षिण आशियात तयार झालेली ७० उत्पादने तपासली होती व त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. भारतातील समस्त औषधांविषयीचे विधान त्यात नाही.

मात्र येथेच थांबून समाधान मानणेही योग्य नाही. त्याच चमूचा पुढील लेख २००८ मध्ये जामाच्याच ३०० व्या खंडात आला. त्यात इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ उत्पादनांची तपासणी आहे. धातू आढळण्याचे प्रमाण २०.७ टक्के होते. अमेरिकेत तयार झालेल्या उत्पादनांत २१.७ व भारतात तयार झालेल्या उत्पादनांत १९.५ टक्के. रसौषधींमध्ये ते ४०.६ टक्के होते, तर रसौषधी नसलेल्या उत्पादनांतही १७.१ टक्के होते. 'हा प्रश्न केवळ रसौषधींपुरता आहे' असे आपल्यातील काहीजण म्हणतात, त्यांना हा शेवटचा आकडा अडचणीत आणतो. 'हा प्रश्न केवळ भारतीय उत्पादकांचा आहे' असे म्हणणाऱ्यांना त्याआधीचे दोन आकडे अडचणीत आणतात. मूळ लेख वाचणाऱ्यालाच ही दोन्ही उत्तरे देता येतात. टीकेला उत्तर देताना आपल्या सोयीचा आकडा ठेवून गैरसोयीचा वगळणे हे आप्ताचे लक्षण नव्हे, हेही विद्यार्थ्याला याच वेळी सांगावे.

आता आपल्या बाजूचे उदाहरण. अश्वगंधेने ताण कमी होतो, या विधानासाठी 'इंडियन जर्नल ऑफ सायकॉलॉजिकल मेडिसिन' मधील २०१२ चा (खंड ३४, अंक ३) लेख सर्रास उद्धृत होतो. त्या अभ्यासात ६४ व्यक्ती होत्या आणि त्यांतील औषधगटाला मुळाचे उच्च सांद्रतेचे सत्त्व ३०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ६० दिवस दिले होते. हाच संदर्भ अश्वगंधा चूर्णाच्या डबीसोबतच्या पत्रकात देणे योग्य होणार नाही. चूर्ण आणि सत्त्व यांत कल्पनाभेद आहे व मात्राभेदही आहे. भैषज्यकल्पना शिकलेल्या विद्यार्थ्याला हा भेद सांगावा लागू नये. परंतु इंग्रजी लेख समोर आला की तो हा भेद विसरतो. चूर्णासाठी ग्रंथाधार द्यावा, सत्त्वासाठी सत्त्वाचा अभ्यास द्यावा.

तिसरे उदाहरण द्रव्यनिश्चितीचे. २०२१ मध्ये 'जर्नल ऑफ क्लिनिकल अँड एक्सपेरिमेंटल हेपेटॉलॉजी' मध्ये मुंबईतील सहा रुग्णांची मालिका प्रसिद्ध झाली व गुळवेलीच्या सेवनाचा संबंध यकृतविकाराशी जोडला गेला. आयुष मंत्रालयाने त्यावर प्रसिद्धीपत्रक काढून वनस्पतीच्या ओळखीविषयी आक्षेप घेतला आणि 'टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया' ऐवजी 'टिनोस्पोरा क्रिस्पा' ही साम्य असलेली जाती असण्याची शक्यता मांडली. रुग्णाने विचारल्यावर वैद्याने काय सांगावे? त्याच्यासमोर दोन भिन्न जातींचे कागद आहेत. एक आहे सहा रुग्णांची मालिका. ती नियंत्रित प्रयोग नव्हे. दुसरे आहे शासकीय पत्रक; ते संशोधनलेख नव्हे. संदर्भसूचीत दोहोंची नोंद वेगळ्या प्रकारे होते, आणि ती नोंद नीट केली की दोहोंचे वजनही आपोआप ध्यानात येते.

या तीनही उदाहरणांवरून एक नियम निघतो. जो लेख पूर्ण वाचला नाही, त्याचा संदर्भ प्रथमाधार म्हणून देऊ नये. केवळ सारांश उपलब्ध असेल तर तसे नमूद करावे. दुसऱ्याच्या लेखातून उचललेले वचन असेल तर ज्या लेखात वाचले त्याचा निर्देश करून 'तेथे उद्धृत' असे लिहावे. दुसऱ्याच्या सूचीतील नोंदी जशाच्या तशा उतरविल्या की त्यांतील चुकाही उतरतात, आणि परीक्षकाच्या नजरेस प्रथम त्याच येतात.

शोध घेण्याची नोंद

आयुर्वेदीय शब्दांची रोमन अक्षरजुळणी एकसारखी नसते. 'अश्वगंधा' हाच शब्द इंग्रजीत किमान दोन-तीन प्रकारे लिहिला जातो. एकाच अक्षरजुळणीने शोध घेतला तर उरलेले लेख हाती लागत नाहीत आणि विद्यार्थी 'या विषयावर काम झालेले नाही' असे लिहून मोकळा होतो. म्हणून संस्कृत नावाच्या सर्व प्रचलित अक्षरजुळण्या, वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि पबमेडमधील विषयशीर्षके या तिन्ही मार्गांनी शोध घ्यावयास सांगावे. आयुर्वेदासाठी पबमेडमध्ये 'मेडिसिन, आयुर्वेदिक' असे विषयशीर्षक आहे. कोणत्या संग्रहात, कोणत्या शब्दांनी, कोणत्या दिवशी शोध घेतला व किती नोंदी मिळाल्या, हे वहीत लिहून ठेवण्याची सवय लावावी. आपण रुग्णपत्रकात दर भेटीची नोंद करतो, त्याच जातीचे हे काम आहे.

सूचीत असणे म्हणजे प्रमाण असणे नव्हे

छापून आलेले व सूचीत नोंदलेले सर्व ग्राह्य असते, असा समज विद्यार्थ्यांत दृढ असतो. 'लॅन्सेट' सारख्या नियतकालिकाने १९९८ मध्ये छापलेला, गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा संबंध स्वमग्नतेशी सुचविणारा लेख २०१० मध्ये मागे घेतला. पबमेडच्या नोंदीवर तो मागे घेतल्याची सूचना आजही ठळक दिसते. लेख आपल्या संगणकावर पूर्वी उतरवून ठेवलेला असेल तर ही सूचना त्यात दिसणार नाही. म्हणून प्रबंध सादर करण्यापूर्वी प्रत्येक नोंद मूळ संग्रहात जाऊन एकदा पुन्हा पाहावी.

पैसे घेऊन, परीक्षण न करता लेख छापणाऱ्या नियतकालिकांचा उपद्रव आयुर्वेदातही कमी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये सुरू केलेली मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी २०२५ मध्ये बंद केली. आता तयार यादीवर विसंबण्याची सोय उरलेली नाही. संपादक मंडळ कोण, परीक्षणाची पद्धत काय, लेख किती दिवसांत स्वीकारला गेला, नियतकालिक कोणत्या सूचीत खरोखर आहे, हे प्रश्न विद्यार्थ्याने स्वतः विचारावयास शिकले पाहिजे.

गेल्या काही वर्षांत आणखी एक धोका निर्माण झाला आहे. प्रश्नाला संभाषणाच्या भाषेत उत्तर देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने २०२२ अखेरपासून सर्वांच्या हाती आली. ती मागितल्यास संदर्भसूचीही तयार करून देतात. त्या सूचीतील नोंदी दिसावयास निर्दोष असतात. परंतु त्यांतील काही लेख अस्तित्वातच नसतात. लेखकाचे नाव खरे, नियतकालिक खरे, शीर्षक मात्र कल्पित, असा हा प्रकार असतो. डीओआय किंवा पबमेड क्रमांक टाकून लेख प्रत्यक्ष उघडून पाहणे हाच यावर उपाय आहे. जो लेख उघडत नाही, तो सूचीत राहू नये.

अध्यापनाचा क्रम

हा विषय व्याख्यानाने शिकविता येत नाही. हाताने करवून घ्यावा लागतो. आयुर्वेदाचार्य अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या व्यावसायिक वर्षात संशोधनपद्धतीचा समावेश झालेला असल्याने तेथेच याचा आरंभ करावा. आम्हाला उपयुक्त वाटणारा क्रम पुढीलप्रमाणे आहे.

अ) पहिल्या सत्रात प्रत्येकाला एका छापील लेखाचे पहिले पान द्यावे व त्यावरून व्हँकुव्हर पद्धतीची नोंद हाताने लिहून घ्यावी. सर्व अवयव त्या पानावर कोठे दडलेले असतात, हे डोळ्यांना कळले पाहिजे.

आ) दुसऱ्या सत्रात हेतुतः चुका केलेल्या दहा नोंदी द्याव्यात : चुकलेला खंड, वगळलेला लेखक, दुवा आहे पण डीओआय नाही, प्रबंधाची नोंद लेख म्हणून. विद्यार्थ्यांनी मूळ नोंद उघडून त्या दुरुस्त कराव्यात.

इ) तिसऱ्या सत्रात बाजारातील एखाद्या माहितीपत्रकातील एकच विधान द्यावे व त्याचा उगम शोधावयास सांगावे. द्रव्य तेच आहे का, कल्पना तीच आहे का, मात्रा तीच आहे का आणि अभ्यास मनुष्यावर झाला की प्राण्यांवर, या चार प्रश्नांची उत्तरे लिहून घ्यावीत. या सत्रासाठी आपल्या फार्मसींनी आपलीच पत्रके दिल्यास विद्यार्थ्यांना व फार्मसीलाही लाभ होईल.

ई) चौथ्या सत्रात विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या सूचीतील दहा-दहा नोंदी तपासाव्यात. स्वतःची चूक दिसत नाही, दुसऱ्याची चटकन दिसते.

उ) त्यानंतरच संदर्भ-व्यवस्थापनाची संगणकीय साधने हाती द्यावीत. झोटेरो हे २००६ पासून विनामूल्य उपलब्ध असलेले साधन सामान्य गरजांना पुरेसे आहे. परंतु साधनाने केलेली नोंद तपासावीच लागते. भारतीय नावांच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी. 'वैद्य' ही आपल्याकडे उपाधीही आहे आणि आडनावही; लेखकाच्या नावाआधी लिहिलेली उपाधी नावाचा भाग समजली जाण्याचा संभव असतो. दाक्षिणात्य नावांत आडनाव कोणते हेही साधनाला नेहमी कळत नाही.

विद्यार्थ्यांना वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचे भय अधिक वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि मग आकडा दहाच्या आत आणणे एवढेच उद्दिष्ट उरते. शब्द बदलून साम्य घटविता येते. पण विचार ज्याचा आहे त्याचे नाव न देणे हा दोष त्याने जात नाही. हे मार्गदर्शकाने प्रारंभीच सांगून ठेवावे.

वाचकांस विनंती

आपल्या संघटनेचे अनेक सभासद विद्यार्थ्यांना चिकित्सालयात मार्गदर्शन करतात, अनेकांच्या फार्मसीत नवे स्नातक काम करतात. त्या सर्वांना आमची एवढीच विनंती आहे, की पुढच्या वेळी एखादा विद्यार्थी लेख किंवा पत्रक घेऊन आला, तर मजकूर वाचण्यापूर्वी त्याच्या संदर्भसूचीतील कोणत्याही तीन नोंदींवर बोट ठेवावे आणि ते लेख त्याला तेथेच उघडून दाखवावयास सांगावे. तिन्ही उघडले व त्यांत त्याने लिहिलेलेच आढळले, तर पुढे वाचावे. एक जरी उघडला नाही, तर प्रबंध किंवा पत्रक प्रेमाने परत द्यावे. या कामाला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. आज ही दहा मिनिटे दिली नाहीत, तर आपल्या औषधाविषयी कोणी उद्या प्रश्न विचारील तेव्हा आपल्याजवळ दाखविण्यासारखा कागद नसेल. आणि हळदीच्या वेळी सापडला तसा १९५३ सालचा लेख प्रत्येक वेळी सापडेलच, असे नाही.